सात मीटरवर माशी किती दिसायला हवी?

पिस्तुलाच्या जवळच्या पल्ल्यातल्या नेमबाजीत दोन पक्ष आहेत आणि त्यांचं भांडण फार जुनं आहे. एक पक्ष म्हणतो, समोरचा चार पावलांवर असताना माशी (पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरचा छोटा उंचवटा, जो मागच्या खाचेत बसवून नेम धरतात) शोधत बसायला वेळ कुठला? बोट दाखवावं तसं पिस्तूल दाखवा आणि चाप ओढा. दुसरा म्हणतो, न बघता झाडलेली गोळी वाया जाते, आणि वाया गेलेली गोळीही कुठेतरी, कुणाला तरी लागतेच.

दोन्ही पक्षांचं म्हणणं ज्या अंतरावरून आलं ते अंतर पाहिलं की अर्धं भांडण मिटतं. उरलेलं अर्धं भांडण नेमाचं नाहीच, ते चापावरच्या बोटाचं आहे. या लेखात तेवढंच नीट मांडायचं आहे.

सुरुवात शांघायपासून करावी लागते. तिथल्या आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या पोलीस दलात विल्यम फेअरबेर्न १९०७ साली दाखल झाला. एरिक साइक्स त्याचा पुढचा जोडीदार. अरुंद गल्ल्या, अंधारे जिने, एका खोलीत दहा माणसं, अशा शहरात या दलाच्या साडेबारा वर्षांत सशस्त्र गुन्हेगारांशी ६६६ चकमकी झाल्याची नोंद त्यांनीच दिली आहे. (या दलात शिखांची मोठी शाखा होती, म्हणजे त्या गल्ल्यांमध्ये आपल्याकडची माणसंही गस्त घालत होती.) अनुभव असा की चकमक बहुतेकदा चार यार्डांच्या आत, अपुऱ्या उजेडात, दोघेही हलत असताना होते आणि काही सेकंदांत संपते. लक्ष्यावरच्या गोल वर्तुळांवर एका हातानं, श्वास रोखून, सावकाश झाडलेल्या गोळ्यांचा तिथे काही उपयोग नव्हता.

त्यांनी केलेले बदल अगदी ठोस होते. पिस्तुलाचा सेफ्टी कॅच, म्हणजे चाप अडवणारी खिट्टी, खिळ ठोकून कायमचा निकामी केला. चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं ठेवायचं आणि पिस्तूल बाहेर काढता काढता दुसऱ्या हातानं स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढून काडतूस आत घ्यायचं. तयारीच्या पवित्र्यात हात सरळ आणि नळी जमिनीकडे, साधारण ४५ अंशांत. तिथून हात शरीराच्या मध्यरेषेतच वर आणायचा. पिस्तूल समोरच्याला झाकू लागलं की पूर्ण मूठ एकदम आवळायची. गोळ्या दोन-दोनच्या जोडीनं. आणखी जवळ आलं तर कोपर वाकवून, कमरेच्या वर धरून झाडायचं, म्हणजे समोरच्याचा हात पिस्तुलापर्यंत पोचत नाही. सरावासाठी त्यांनी अख्खं घर उभं केलं होतं: अंधारे बोळ, अचानक पुढे येणाऱ्या आकृत्या, पायाखाली अडथळे.

ही पद्धत चालते, आणि ती का चालते हे समजून घेण्यासारखं आहे. इथे डोळ्याचं काम शरीर करतं. छाती समोर वळलेली, पिस्तूल मध्यरेषेत, म्हणजे जिकडे तोंड तिकडे नळी. पण छाती तिरकी असेल, गुडघा टेकलेला असेल, खांबाआडून वाकून झाडायचं असेल, तर ही मध्यरेषाच हलते आणि सगळा हिशेब बिघडतो. शिवाय पूर्ण मूठ एकदम आवळली की नळीचं तोंड खाली जातं. तीन मीटरवर ते चालून जातं. सात मीटरवर नाही.

आता थोडा हिशेब. ग्लॉक १७ या आजच्या प्रचलित पिस्तुलावर माशी आणि मागची खाच यांच्यात सुमारे १६५ मिलिमीटर अंतर असतं. माशी खाचेत १ मिलिमीटर सरकली, तर ३ मीटरवर गोळी १८ मिलिमीटर चुकते, ७ मीटरवर ४२, १५ मीटरवर ९१ आणि २५ मीटरवर १५२. माशीच्या दोन्ही बाजूंना खाचेत जो उजेड दिसतो तो तसाही मिलिमीटरच्या आसपासच असतो. म्हणजे माशी खाचेत दिसते आहे, पण मधोमध नाही, एवढ्यानं सात मीटरवर फार तर दोन-चार सेंटिमीटरचा फरक पडेल. छातीएवढ्या लक्ष्यावर हा फरक काहीच नाही.

त्याच सात मीटरवर चाप हिसकल्यानं नळी फक्त २ अंश हलली तर? २४ सेंटिमीटर. छाती सुटली, गोळी पोटाशी किंवा खांद्याबाहेर.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. लोक तासन्‌तास माशीचं चित्र घोटत बसतात आणि घात करतं बोट. जवळच्या पल्ल्यात माशी ओबडधोबड चालते, चाप ओबडधोबड चालत नाही.

दुसऱ्या पक्षाची गोष्ट कॅलिफोर्नियाची. १९५० च्या दशकाच्या शेवटी बिग बेअर गावात नेमबाजीचा प्रशिक्षक जेफ कूपर आणि मंडळी होल्स्टरमधून पिस्तूल काढून झाडण्याच्या स्पर्धा घेत. बहुतेक जण कमरेतून झटपट झाडत आणि झटपट चुकत. लॉस एंजेलिस परगण्याचा डेप्युटी शेरीफ जॅक वीव्हर हा पिस्तूल दोन्ही हातांनी धरून डोळ्यांसमोर आणायचा आणि माशी बघून झाडायचा. १९५९ मध्ये तो जिंकला. दिसायला तो सावकाश, पण पहिली गोळी लागायची. कूपरनं यावरूनच आपली पद्धत बांधली. त्यातली सर्वांत मोलाची कल्पना म्हणजे माशीची ‘झलक’: पूर्ण रेखीव चित्र नको, माशी खाचेत आहे आणि लक्ष्यावर आहे एवढं डोळ्यानं टिपलं की पुरे.

वीव्हरच्या पवित्र्यात शरीर तिरकं, दोन्ही कोपरं वाकलेली, उजवा हात पुढे ढकलतो आणि डावा मागे खेचतो. त्या ताणानं पिस्तूल उडी कमी मारतं. १९८० च्या दशकात रॉब लेथम आणि ब्रायन इनॉस या स्पर्धकांनी ते सोडून शरीर समोर, दोन्ही हात सारखे पुढे, असा पवित्रा घेतला. आज बहुतेक ठिकाणी हाच शिकवतात. कारण साधं आहे. दचकलेला माणूस आपोआप धोक्याकडे तोंड करतो, गुडघ्यात वाकतो आणि दोन्ही हात पुढे करतो, म्हणून शरीर जे करणारच आहे त्यावर पद्धत बांधावी. आणखी एक कारण आहे: बुलेटप्रूफ जॅकेटची जाड पाटी छातीवर असते. तिरकं उभं राहिलं की काखेखालची उघडी बाजू समोर येते.

फेअरबेर्ननंही नेमकं हेच दचकलेलं शरीर पाहिलं होतं. त्याचा वाकलेला पवित्रा आणि आजचा पवित्रा यांत लोक समजतात तेवढा फरक नाही.

आता हाताकडे येऊ. पिस्तुलाच्या मुठीवर हात शक्य तितका वर असावा, अंगठा आणि तर्जनी यांमधली बेचकी वरच्या ओठाला, म्हणजे मुठीच्या मागे वरच्या बाजूला बाहेर आलेल्या भागाला, भिडलेली. नळीची रेषा हाताच्या जितकी वर, तितकी उडी जास्त. मात्र आपल्या पोलिसांकडच्या इशापूरच्या ९ मिलिमीटर १ए पिस्तुलाशी इथे जपून. त्याची घडण ब्राउनिंग हाय पॉवरची, १३ काडतुसांची. हाय पॉवरचा वरचा ओठ आखूड, त्यामुळे मांसल हाताची बेचकी घोडा मागे येताना चिमटते. दोनदा चिमटा बसला की माणूस नकळत मूठ खाली धरू लागतो, आणि मग त्याच्या गोळ्या का पसरल्या हे कुणाला कळत नाही.

डाव्या हाताचा तळवा मुठीची उघडी राहिलेली डावी बाजू पूर्ण भरून काढतो, त्याची बोटं उजव्या बोटांवर, तर्जनी चापाच्या कड्याखाली घट्ट. दोन्ही अंगठे पुढे, लक्ष्याकडे. डावं मनगट खाली झुकवून कुलूप लावल्यासारखं पक्कं. जोर डाव्या हातात जास्त हवा. उजवा हात पिळून धरला की त्याची तर्जनी मोकळी हलत नाही. स्वतःच करून बघा: मूठ घट्ट आवळा आणि तर्जनी झरझर हलवा, मग मूठ सैल करून तेच करा. फरक लगेच कळतो.

होल्स्टरमधून काढताना पूर्ण पकड होल्स्टरमध्येच बसली पाहिजे, नंतर ती सुधारता येत नाही. पिस्तूल सरळ वर, नळी लगेच समोर वळवा, छातीपाशी दोन्ही हात एकत्र आणा आणि तिथून सरळ रेषेत डोळ्यांपर्यंत पुढे ढकला. खालून गळ टाकल्यासारखं कमानीत वर नेलं की माशी डोळ्यांच्या वर जाते आणि परत खाली आणावी लागते. सरळ ढकलताना माशी आधीच दृष्टीत येते, त्यामुळे हात पूर्ण लांब होईपर्यंत चित्र तयार असतं. बोट चापाच्या कड्याबाहेर, नळीच्या समांतर. माशी लक्ष्यावर आणि झाडण्याचा निर्णय पक्का, तेव्हाच ते आत. जिन्यात पाय घसरला, कुणी धक्का दिला, तर आत असलेलं बोट आवळतंच.

चाप म्हणजे फक्त वजन नाही, तुलनेनं वजन. भरलेलं पिस्तूल किलोच्या आसपास आणि साध्या ग्लॉकचा चाप सुमारे अडीच किलोचा. पिस्तुलापेक्षा दुपटीहून अधिक जोर एका बोटानं लावायचा आणि पिस्तूल हलू द्यायचं नाही, हे सगळं कसब आहे. आधी चापाचा सैल भाग खेचून तो जिथे कडक लागतो तिथे टेकावं, मग सरळ मागे, एकसारख्या वाढत्या दाबानं. गोळी सुटल्यावर बोट झटकून पुढे सोडू नये. चाप पुन्हा पकड घेतो तिथपर्यंतच सोडावं आणि तिथूनच पुढचा दाब सुरू.

मग माशी किती दिसायला हवी? तीन मीटरच्या आत स्लाइडची काळी आकृती समोरच्याच्या छातीवर दिसली तरी पुरतं. चार ते सात मीटरवर माशी खाचेत कुठेतरी दिसावी, डोळा लक्ष्यावर राहिला तरी चालेल. दहाच्या पुढे नजर माशीवर, माशीची कड धारदार आणि लक्ष्य धूसर. पंधरा-पंचवीस मीटरवर दोन्ही बाजूंचा उजेड सारखा हवा आणि चाप पहिल्यापासून शेवटपर्यंत हलक्या हातानं. चाळिशीचा चष्मा लागलेल्यांना माशी मुळात धारदार दिसतच नाही. त्यांनी माशीवर भडक नारिंगी ठिपका लावावा, नाहीतर रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी दुर्बीण, घ्यावा. रेड डॉटमध्ये नजर लक्ष्यावरच राहते. नवखा मात्र काचेत ठिपका शोधत बसतो. ठिपका सापडत नसेल तर बहुतेक वेळा नळीचं तोंड वर उचललेलं असतं. दोष काचेचा नाही, हात पुढे ढकलण्याचा आहे.

वेग आणि अचूकता यांचा तोल आकड्यांत पाहायचा असेल तर कूपरचाच ‘एल प्रेसिदेंते’ सराव घ्या. दहा यार्डांवर तीन लक्ष्यं, पाठ फिरवून उभं राहायचं. वळा, पिस्तूल काढा, प्रत्येकी दोन गोळ्या, मॅगझीन बदला, पुन्हा प्रत्येकी दोन. एकूण १२ गोळ्या, जुना मापदंड १० सेकंदांचा. आयपीएससी या वेगवान पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धेत ९ मिलिमीटरला मधल्या भागाचे ५, त्याबाहेर ३ आणि कडेला १ गुण. चुकलेल्या गोळीला उणे १०. गुणांना वेळेनं भागायचं. दहा सेकंदांत बाराही मध्यात: ६० भागिले १०, म्हणजे ६. आठ सेकंदांत आठ मध्यात, चार थोड्या बाहेर: ५२ भागिले ८, म्हणजे साडेसहा. सात सेकंदांत आठ मध्यात, दोन बाहेर, दोन हुकल्या: २६ भागिले ७, चारसुद्धा नाही. थोडं सैल सोडलं तर फायदा, फार सैल सोडलं तर सगळं गेलं. ही सीमा प्रत्येकाची वेगळी असते आणि ती फक्त टाइमर दाखवतो, मन नाही.

हाच प्रश्न आपल्या कोल्हापूरकरांना अनोळखी नाही. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, त्याच्या दुसऱ्या टप्प्यात हात ४५ अंशांत खाली, सात सेकंद थांबायचं, मग तीन सेकंदांत हात वर आणून एक गोळी. शांघायचा तयारीचा पवित्रा आणि हा, दोन्हींत हात खालून वर येतो. अर्थात इथे .२२ चं पिस्तूल, एक हात, किमान १००० ग्रॅमचा चाप आणि १०० मिलिमीटरचं दहाचं वर्तुळ. यातल्या जाणत्या नेमबाजांची युक्ती लढाईच्या पिस्तुलालाही लागू पडते: हात वर येत असतानाच चापाचा सुरुवातीचा दाब घेऊन टाकायचा. जो हात स्थिर झाल्यावर दाब सुरू करतो, त्याला शेवटच्या अर्ध्या सेकंदात चाप हिसकावाच लागतो. गोळी आठाच्या वर्तुळात जाते आणि दोष मात्र तो नेमाला देतो.

हाताच्या अंतरावर नेमबाजी संपते आणि कुस्ती सुरू होते. डेनिस टुलर या सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसानं १९८३ मध्ये दाखवलं की २१ फूट, म्हणजे साडेसहा मीटरच्या आतलं अंतर, सुरीवाला दीड सेकंदात कापतो. होल्स्टरमधून काढून पहिली नीट गोळी झाडायला सरावलेल्या माणसालाही तेवढाच वेळ लागतो. म्हणून इथे पाय आधी: तिरकं बाजूला सरकायचं, मध्ये टेबल, मोटार, खांब आणायचा, आणि मगच पिस्तूल. कुणी अंगाशी आलंच तर पिस्तूल पुढे करू नये, छातीच्या बरगडीशी चिकटवून धरावं, डावा हात समोरच्याला रोखायला. नळी समोरच्याच्या अंगावर दाबली गेली तर स्लाइड मागे ढकलली जाते आणि बहुतेक स्वयंचलित पिस्तुलं मग उडतच नाहीत.

या अंतराचा खरा अर्थ मुंबईनं २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीला पाहिला. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. बाकीच्यांना कसाबला जिवंत पकडता आलं ते त्या पकडीमुळे. हाताच्या अंतरावर शस्त्र ज्याच्या हातात आहे त्याचंच असतं असं नाही. हे शिकवायला त्याहून मोठा दाखला मला माहीत नाही, आणि तो तंत्राचा म्हणून नुसता वापरताना मान खाली जाते.

एक हात निकामी होणं ही दुर्मीळ गोष्ट समजू नये. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयच्या चकमकीत दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. एडमंडो मिरेलेस या एजंटचा डावा हात गोळीनं फुटला होता. उरलेल्या एका हातानं त्यानं पंप शॉटगन चालवली आणि शेवटी रिव्हॉल्व्हरनं चकमक संपवली. रिकाम्या चेंबरची शांघायची रीत इथे उघडी पडते: दुसरा हात नसेल तर स्लाइड कोण ओढणार? मागची खाच पट्ट्याच्या किंवा बुटाच्या टाचेच्या कडेला अडकवून ओढता येते, पण ते रिकाम्या पिस्तुलानं आधी पन्नासदा केलेलं असेल तरच.

पिस्तूल अडलं की आधी ऐका. नुसता ‘टिक’ झाला, तर काडतूस उडालं नाही किंवा चेंबरमध्ये नव्हतंच: मॅगझीन खालून जोरात ठोका, स्लाइड पूर्ण ओढून सोडून द्या, हातानं पुढे नेऊ नका. चाप मेल्यासारखा लागला, तर स्लाइड पूर्ण बंद झालेली नाही. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी वर उभी अडकली असेल तरी ठोका-ओढा हाच उपाय, आणि कारण बहुधा सैल मनगट. स्लाइडला मागे जायला आधार मिळत नाही, ती अर्धीच जाते. दोन काडतुसं एकदम घुसली तर ठोकून उपयोग नाही. स्लाइड मागे अडकवा, मॅगझीन ओढून काढा, स्लाइड दोन-तीनदा मारा, नवं मॅगझीन, पुन्हा स्लाइड. हे वारंवार होत असेल तर मॅगझीनचे वाकलेले ओठ तपासा, त्यावर रंगानं फुली मारा आणि ते कामाच्या पट्ट्यातून बाहेर काढा.

आडोशाबद्दल एवढंच: त्याला चिकटू नये. भिंतीपासून हात-दीड हात मागे राहिलं की कोपरा हळूहळू उघडत पाहता येतो आणि नळी आधी बाहेर डोकावत नाही. मोटारीचं दार आडोसा नव्हे. इंजिनाचा भाग आणि चाक, तेवढाच आडोसा.

सरावाला काडतुसं कमी मिळतात ही आपल्याकडची खरी अडचण. ९ मिलिमीटर नागरिकांना प्रतिबंधित, आणि पोलिसांच्या वाट्याला सरावाची काडतुसं मोजकीच. म्हणून रिकामं पिस्तूल वापरावं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, चेंबर डोळ्यानं आणि बोटानं दोनदा तपासून, समोर जाड भिंत. हाय पॉवरच्या मूळ घडणीत मॅगझीन नसेल तर चाप उडतच नाही, तेव्हा रिकामं मॅगझीन आत घाला. माशीमागे स्लाइडवर एक रुपयाचं नाणं ठेवून चाप ओढा. नाणं न पडता दहा वेळा जमलं की दिवसाचं काम झालं.

आणि रेंजवर गेल्यावर एक चाचणी जरूर करा. जोडीदाराला मॅगझीन भरायला सांगा, खऱ्या काडतुसांमध्ये दोन-तीन डमी, म्हणजे न उडणारी खोटी काडतुसं, कुठेही मिसळून. तुम्ही झाडत जा. डमी आली की आवाज होणार नाही, धक्का बसणार नाही, आणि त्या शांततेत नळीचं तोंड स्वच्छ दिसेल: उजव्या हाताच्या माणसाचं खाली आणि डावीकडे बुडालेलं, कारण शरीरानं धक्का येण्याआधीच त्याला दाबायला सुरुवात केली होती. माशी खाचेत अगदी मधोमध होती. जोडीदारानं ते मोबाइलवर बाजूनं चित्रित केलं तर आणखी बरं, कारण पहिल्यांदा कुणालाच खरं वाटत नाही.